हारापुरती जागा

तिसऱ्यांदा स्टँड पडला तेव्हा रखमाजी आबांनी पखवाजावरचा हात काढून गुडघ्यावर ठेवला.

"नूरभाऊ, तुमचा ह्यो गडी लय लवकर दमतो."

गडी म्हणजे तीन पायांचा काळा स्टँड. नूरमहंमदने तो गेल्याच आठवड्यात मोबाइलवरून मागवला होता. खोक्यावरच्या चित्रात तो एका गोऱ्या माणसाशेजारी ताठ उभा होता. त्या माणसाच्या गावाला वारा नसावा. इथे कान्हे गावापलीकडच्या वाडीत, भैरोबाच्या देवळापुढच्या ओट्यावर, मार्गशीर्षातला वारा इंद्रायणीवरून निघत होता, कापलेल्या भाताच्या खाचरांतून पळत येत होता आणि स्टँडच्या डोक्यावरची पांढरी छत्री दिसली की तिच्यात शिरत होता. छत्रीला साबणाच्या वडीएवढा फ्लॅश बांधलेला. छत्री निघाली की फ्लॅश निघे, आणि फ्लॅश निघाला की स्टँडही त्यांच्यामागे आडवा होई.

"पायावर धोंडा ठिवा की," पेटीमागून हनुमंत म्हणाला.

"ठेवलाय."

"मग आनखी ठिवा. एका धोंड्यानं काय व्हतंय? आमच्या मंडळात बगा, चार हायेत."

टाळकरी मारुती आणि भिमाजी टाळ मांडीत घेऊन हसले. या चौघांत सगळ्यात तरुण भिमाजी, एकोणसत्तर वर्षांचा. आबा अठ्ठ्याहत्तरचे.

देवळाच्या पायरीवर मेहरुन बसली होती. मोतिया रंगाची साडी, डोक्यावर पदर, उजवा हात मांडीवर ठेवलेला. तिचा उजवा खांदा आखडून दीड वर्ष होत आलं होतं.

"मी धरते," ती म्हणाली.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"हात वर करू नका सांगितलंय. गप्प बसा असं नाही सांगितलं."

 नूरमहंमद चौथ्यांदा स्टँड उभा करू लागला. आज त्याला हे फोटो बिघडवून चालणार नव्हतं. का चालणार नव्हतं ते ओट्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

हे सगळं जानूच्या फ्लेक्सपासून सुरू झालं.

जानू म्हणजे या भजनी मंडळाचा गळा. रेल्वेत गँगमन होता. छत्तीस वर्षं रुळावरून चालला आणि छत्तीस वर्षं हसत चालला. त्याचं हसू आधी पोटात फिरायचं, मग खांद्यांत, आणि चेहऱ्यावर येईपर्यंत समोरचा हसायला लागलेला असायचा. तो श्रावणात गेला. वेशीवर दहा फुटी फ्लेक्स लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', दोन्ही बाजूंना समया, कोपऱ्यात एक पांढरं कबुतर, आणि मधे जानू. डोळे वटारलेले, ओठ घट्ट मिटलेले, कान दिव्यासारखे उजळलेले, मागे भिंतीवर काळी सावली. सायकल चोरताना सापडलेल्या माणसाला चौकीत बसवतात, तसा.

वाडीला आलेल्या पाव्हण्यांनी वेशीवर थांबून विचारलं होतं, "ह्यो कोन?"

तो फोटो नूरमहंमदने काढलेला होता. तोही कशासाठी, तर पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी. कान्हे फाट्यावरच्या त्याच्या स्टुडिओत त्या दिवशी तिघं खोळंबलेले होते आणि मेहरुन खांद्याच्या व्यायामासाठी तळेगावला गेली होती. एकटा नूरमहंमद. त्याने फ्लॅश सरळ कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला. स्टुलावरून जानू म्हणाला होता, "नूरभाऊ, जरा हसू का?"

"नको. कागदाला हसायचं नसतं."

आणि जानूने आयुष्यात पहिल्यांदा ओठ मिटून घेतले होते.

पंधरा दिवसांनी जानूची बायको अंबूबाई स्टुडिओत आली. बसली नाही. काचेवर टेकून म्हणाली, "नूरभाऊ, दळताना मी ह्यांच्यावर ओवी गायची. ऐका."

आणि फाट्यावर ट्रक वाजत असताना, पासपोर्ट फोटोंच्या नमुन्यांसमोर उभी राहून, तिने अगदी खालच्या आवाजात म्हटली:

"हासनं गं धन्याचं, जसं भाताचं गं रान,
येता वाऱ्याची झुळूक, डोलं पान आन् पान."

"आसल्या मानसाला तुमी हसू नको म्हनला," ती म्हणाली. "आन् त्यांनी ऐकलं. माझं जन्मात कदी ऐकलं न्हाई."

ती गेली. नूरमहंमदने रिकामं स्टूल भिंतीकडे सरकवलं.

म्हणून कार्तिकात रखमाजी आबा येऊन म्हणाले की, "मंडळाला पन्नास वर्सं झाली, एकेकाचा फोटू काढून ठिवायचा, वाद्यासकट," तेव्हा दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं नाही. पन्नास वर्षं खरी होती. पण घाई कशाची होती तेही दोघांना कळत होतं. त्या रात्री जेवताना नूरमहंमद मेहरुनला म्हणाला, "चौघं चौघांसारखे दिसले पाहिजेत. एक जरी पुन्हा चोर दिसला, तर स्टुडिओची पाटी उतरवीन."

"पाटी गंजलीय," मेहरुन म्हणाली. "वाढू का भात?"

*

मेहरुनचा आणि फ्लॅशचा संबंध लोणावळ्याच्या धुक्यात जडला.

बत्तीस वर्षांपूर्वी नूरमहंमद घाटातल्या पॉइंटांवर फिरून पर्यटकांचे फोटो काढायचा. पावसाळ्यात धंदा जोरात. पण धुकं असं की समोरची दरी, जोडपं, घोडा, सगळं ताकात बुडाल्यासारखं. कॅमेऱ्यावर फ्लॅश लावून उडवला की उजेड धुक्यावर आपटून परत यायचा. फोटोत नुसती पांढरी भिंत, आणि भिंतीत कुठेतरी पुण्याचं नवं जोडपं. नूरमहंमदला एवढं उमगलं होतं की उजेड डोळ्याजवळून सुटता कामा नये, लांबून आणि बाजूने यायला हवा. पण लांब जाऊन तो धरणार कोण?

लग्नाला दोन महिने झाले होते. मेहरुन डबा घेऊन आली. त्याने डबा ठेवून घेतला आणि तिच्या हातात वायर लावलेला फ्लॅश दिला.

"हे धर. लांब जा."

ती चार पावलं गेली.

"अजून लांब."

आणखी चार.

"अजून."

"आता माहेर येईल," धुक्यातून आवाज आला.

त्या दिवसापासून ती उजेड धरत आली. वरातीत धरला, बारशात धरला, गुडघाभर चिखलात बैलांच्या शर्यतीत धरला. पुढे वायर गेली, कॅमेऱ्यावर एक डबी आली, ती वायरीशिवायच लांबचा फ्लॅश उडवू लागली. पर्यटकांच्या हातात मोबाइल आले आणि घाटातला धंदा बसला. नूरमहंमद फाट्यावर आला. सगळं बदललं, मेहरुनचा हात तेवढा तिथेच होता, वर, डावीकडे, कपाळाहून वीतभर उंच. नूरमहंमद नुसती हनुवटी हलवायचा आणि ती दोन बोटं खाली यायची. तालुक्यातल्या हजारभर लग्नांच्या अल्बमांत ती होती, आणि एकाही फोटोत नव्हती.

मग खांदा आखडला. कुठल्या दिवशी, ते तिलाही सांगता आलं नाही. एका लग्नात अक्षता पडल्या, फ्लॅश उडाला, आणि वर गेलेला हात खाली येईना.

*

चौथ्यांदा उभा केलेला स्टँड टिकला. छत्री काढून टाकली, पायांवर पाच धोंडे ठेवले. दुसरा फ्लॅश नूरमहंमदने देवळाच्या खांबामागे लपवला. या दुसऱ्याची खोड अशी, की पहिल्याचा उजेड दिसला की तो आपोआप उडायचा. मागून खांद्यांवर, टोपीवर उजेडाची एक कड उमटायची.

"म्हंजे आमच्या भिमाजीवानी," आबांनी समजून घेतलं. "मारुतीनं वाजवला की ह्येचा टाळ वाजतो. सोताचं काय न्हाई."

"पन्नास वर्सं एकत्र वाजतोय न्हवं," भिमाजी म्हणाला. "ते बघ की."

चौघंही नटून आले होते. हनुमंतने मुलाच्या लग्नातला कोट घातला होता. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, आणि पेटीचा भाता ओढला की कोटाची काख बोलायची. मारुतीने केसांना मेंदी लावली होती, कानांसकट. भिमाजीने पावडर फासली होती. आबा मात्र होते तसेच आले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी, कपाळाला बुक्का. अंबूबाई पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक भिजवून घेऊन आली होती आणि आता परात घेऊन ओट्याच्या कडेला बसली होती.

"वर वाईच जागा सोडा, नूरभाऊ," हनुमंत सहज म्हणाला. "हाराला."

 रुळावरून लोणावळ्याकडे जाणारी लोकल गेली.

"हार सत्काराचा बी असतो," शेवटी आबा म्हणाले.

"व्हय व्हय. त्योच म्हनलो मी."

"तुजा कुनी सत्कार केला रं कदी?" मारुतीने विचारलं.

"म्हनून तर जागा ठिवायची."

नूरमहंमदने डोळा कॅमेऱ्याला लावला. काचेतून त्याला चार माणसं दिसली. चौघांचेही ओठ मिटलेले. चौघांचेही डोळे वटारलेले. चौघंही दाखल्याला बसले होते.

"वाजवा ना," तो म्हणाला. "आबा, तुम्ही नुसता हात ठेवा, वाजवल्यासारखं करा."

"वाजिवल्यासारकं?"

"आवाज नको. फक्त तसं दाखवायचं."

आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने जेवल्यासारखं करायला सांगितलंय. "देवाम्होरं लटकं वाजिवत न्हाईत, नूरभाऊ. हात जड व्हतो. माझ्या गुरूनं घातलेली आन हाय."

"मग खरंच वाजवा. थोडंसं."

"थोडंसं कसं वाजिवनार?" आता हनुमंतलाही राहवलं नाही. "भजन एकदा लावलं का लावलं. नमन, मंग रूपाचा अभंग, मंग बाकीचं, मंग आरती. मधीच उठलं तर पाप लागतं. दोन-अडीच तास धरून चाला."

नूरमहंमदने आकाशाकडे पाहिलं. पाच वाजले होते. सहाच्या आत सूर्य डोंगराआड जाणार. दोन्ही फ्लॅशमध्ये सेलचा एकेक संच होता, जादा एक खिशात.

"लावा," तो म्हणाला.

पुढच्या पाऊण तासात नूरमहंमदने जे भोगलं ते त्याने नंतर कुणाला सांगितलं नाही. मेहरुनने सगळ्यांना सांगितलं.

पहिली गोष्ट म्हणजे, भजन सुरू झालं आणि माणसं हलू लागली. स्टँड एका जागी, चेहरे दहा जागी. आबा पखवाजावर झुकले की उजेड त्यांच्या टोपीवर. मारुती उसळला की उजेड त्याच्या पोटावर. नूरमहंमदची हनुवटी सवयीने खाली-वर होत होती, पण स्टँडला हनुवटीची भाषा येत नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे, खांबामागचा फ्लॅश पिसाळला. नूरमहंमद कॅमेऱ्याला हातही लावत नव्हता तरी तो उडत होता. एकदा उडाला, पुन्हा उडाला, थांबला, तीनदा लागोपाठ उडाला. त्याने सेल बदलले. तरी तेच. देवाच्या दारात काही वेडंवाकडं नको म्हणून मारुतीने गाता गाताच भैरोबाकडे बघून टाळ कपाळाला लावले.

मेहरुनने मान वळवली. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला हनुमंतचा जावई सत्यम उभा होता. सुदुंबऱ्याकडे कंपनीत होता, सुट्टीला सासुरवाडीला आलेला. त्याच्या हातात एक जुना चंदेरी डिजिटल कॅमेरा होता आणि तो सासऱ्यांचे फोटो काढत होता, दर ओळीला एक, फ्लॅशसकट. त्याचा उजेड दिसला की खांबामागचा फ्लॅश प्रामाणिकपणे उडत होता.

"अहो, जावयाला थांबवा," ती नूरमहंमदच्या कानाशी म्हणाली.

"मी? तू सांग."

"मी कशी सांगू? जावई आहेत."

त्यांनी हनुमंतकडे बघितलं. हनुमंतला सगळं कळलं होतं. त्याने पेटी वाजवता वाजवता दोन्ही भुवया अशा वर केल्या की, बाबांनो, सोन्यासारखी पोरगी दिलीय त्यांच्या घरात, माझ्या तोंडून काही वदवू नका. तोवर तो फ्लॅश आणखी चारदा उडाला आणि कायमचा विझला. सेल संपले.

शेवटी अंबूबाई उठली. देवळातून पेढ्यांचं ताट घेऊन आली आणि सत्यमसमोर उभी राहिली.

"जावईबापू, ह्ये धरा. दोनी हातानं. खाली ठिवू नका, कुत्रं हाय."

"किती वेळ धरायचं, आजी?"

"आरती हुईस्तोवर."

जावई ताट धरून उभा राहिला. कॅमेरा त्याच्या मनगटाला लोंबत राहिला.

त्याच वेळी वाऱ्याची एक मोठी झुळूक आली आणि स्टँड पाच धोंड्यांसकट कलंडला. या वेळी तो ओट्यावरून थेट खाचरात गेला. नूरमहंमदने तो आणला तेव्हा त्याचा एक पाय गुडघ्यात मोडलेला होता. फ्लॅश शाबूत होता. सूर्य टेकला होता. भजन रंगात आलं होतं, आता ते थांबणार नव्हतं. आणि नूरमहंमदच्या कॅमेऱ्यात एकही चेहरा नव्हता. टोप्या होत्या, पोट होतं, मेंदी लावलेला एक कान होता.

तो ओट्याच्या कडेला उभा राहिला. हातातला फ्लॅश त्याला एकदम जड वाटला.

मेहरुन उठून आली. तिने फ्लॅश त्याच्या हातातून काढून घेतला.

"मेहरुन, हात जाणार नाही तुझा वर."

"कशाला जायला हवा?" ती म्हणाली. "बसलेल्यांना उभ्याने कशाला उजेड द्यायचा? मी बसते ना."

आणि ती बसली. एक गोणपाट ओढून, आबांच्या समोर डाव्या अंगाला, मांडी घालून. हात जेवढा उचलत होता तेवढाच उचलला, छातीपर्यंत. नूरमहंमद 'खालून नको' म्हणणार होता. खालून आलेल्या उजेडात माणूस भूत दिसतो, हा धंद्यातला पहिला धडा. पण ती खाली नव्हतीच. आबा बसलेले, ती बसलेली. तिचा हात आबांच्या हनुवटीसमोर होता. देवापुढे समई असते तिथे.

छत्री नव्हती. नुसता उजेड टोचला असता. मेहरुनने डाव्या हाताने डोक्यावरचा पदर ओढला आणि त्याचं टोक फ्लॅशवर घातलं.

नूरमहंमदने बटण दाबलं.

त्याने मागच्या काचेवर पाहिलं. पुन्हा पाहिलं. आबांच्या मागे आकाश जांभळं झालं होतं, डोंगराची कड तेवढी उरली होती, आणि पुढे आबा. पखवाजावर झुकलेले, डोळे अर्धे उघडे, चेहऱ्यावर मोतिया उजेड. आबा कुणाला दाखवत नव्हते. ते वाजवत होते.

त्याने हनुवटी जराशी हलवली. मेहरुनचा हात दोन बोटं उजवीकडे गेला.

मग ती सरकू लागली. उठणं-बसणं तिला जमलं नसतं, म्हणून गोणपाटासकट, बसल्या बसल्या. आबांकडून हनुमंतकडे. हनुमंतच्या कोटाची काख पूर्ण सुटली होती आणि त्याला भान नव्हतं. हनुमंतकडून मारुतीकडे. मारुतीचा मेंदीचा कान मावळतीसारखा लाल. सरकताना ती पुटपुटत होती, "जरा सरका, मारुतीभाऊ, टाळ माझ्या नाकाला लागेल," आणि मारुती गातच मान हलवत होता.

मारुती आणि भिमाजी यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. दाटीवाटीने बसलेल्या त्या ओळीत तेवढीच. कुणी ठरवून सोडली नव्हती. पन्नास वर्षांच्या सवयीने चौघं आपापल्या जागी बसले होते आणि पाचवी जागा उरली होती. मेहरुन तिथपर्यंत आली आणि थांबली. मग गोणपाट मागे ओढून त्या जागेला वळसा घालू लागली.

"जा की त्यातनं," परातीपाशी बसलेली अंबूबाई म्हणाली. "ते सरकून घितील."

मेहरुन त्या जागेतून गेली. अंग चोरून, शेजारी कुणी बसलंय असं.

भिमाजीचा फोटो शेवटी. त्याची पावडर घामाने वाहून गेली होती आणि खाली भिमाजी निघाला होता. सेलमध्ये जीव उरला नव्हता. फ्लॅश भरायला आता दहा-दहा सेकंद लागत होते. नूरमहंमद वाट बघत राहिला. भजनात कुठलीशी जागा आली, जी जानू घ्यायचा. ती घ्यायला कुणी नव्हतं. चौघंही तिथे क्षणभर थबकले, आणि भिमाजीने मान वळवून त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि हसला. तिकडून कुणीतरी काहीतरी खोडी काढली होती असा हसला.

फ्लॅश उडाला. आणि विझला.

आरती झाली तेव्हा अंधार पडला होता. जावयाच्या हातांतलं ताट काढून घेतलं, पण त्याची बोटं काही वेळ तशीच राहिली. चौघं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेभोवती डोकी जोडून बसले. हनुमंत फाटलेली काख बघून म्हणाला, "ही शिवता यील का फोटूत?" मारुतीने डोळे पुसले आणि वर वारं लागल्याचं सांगितलं. भिमाजीने आपला फोटो दोनदा मागितला.

आबांनी आपल्या फोटोकडे सगळ्यात जास्त वेळ पाहिलं.

"ह्यो लावायचा," ते म्हणाले.

"कुठे, आबा?"

"जितं लावायचा तितं."

अंबूबाई दूरच बसली होती. तिने फोटो मागितले नाहीत. नूरमहंमदच कॅमेरा घेऊन तिच्यापाशी गेला आणि तिला भिमाजीचा फोटो दाखवला.

"ह्यो असा कुनाकडं बघून हसतोय?" तिने विचारलं.

"जानूकडे, वहिनी."

अंबूबाईने काचेवरून अंगठा फिरवला. "मंग आला की त्यो बी," ती म्हणाली, आणि परात घासायला घेतली.

*

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत नूरमहंमदने आबांचा फोटो संगणकावर लावला. फोटो कापरा आलाय का ते बघायला तो नेहमी डोळा मोठा करून पाही. त्याने आबांचा डोळा मोठा केला, मग आणखी.

बुबुळात उजेडाचा दाणा होता. दाण्याच्या मागे, तिळाएवढी, एक बाई बसलेली होती. एक हात छातीपर्यंत उचललेला.

त्याने हनुमंतचा डोळा पाहिला. तिथेही ती. मारुतीच्या डोळ्यांत, भिमाजीच्या डोळ्यांत.

मग त्याने जुनी फाइल शोधून जानूचा हयातीचा फोटो उघडला. जानूच्या डोळ्यातला ठिपका अगदी मधोमध होता. पांढरा, टणक. त्याच्या मागे कुणीच नव्हतं.

त्याने मेहरुनला हाक मारली. ती चष्मा लावून वाकली, बराच वेळ आबांच्या डोळ्यात बघत राहिली.

"बारीक दिसते मी," ती म्हणाली.

*

रखमाजी आबा फाल्गुनात गेले. दुपारी पखवाजाला ऊन दाखवून आत आले, पडतो जरा म्हणाले, आणि उठले नाहीत.

वेशीवर फ्लेक्स लागला. दहा फुटी. समया होत्या, कबुतरही होतं. कबुतराला कुणी हटवू शकलं नाही. पण मधे आबा होते, आणि बाहेरून येणारा एकही माणूस 'ह्यो कोन' म्हणून विचारत नव्हता. गाड्या वेशीवर हळू होत होत्या. एका रिक्षावाल्याने तर कान दिल्यासारखी मान तिरकी केली.

वर झेंडूचा हार घातला होता. तो बरोबर बसला होता. पखवाज झाकला नव्हता, बुक्काही झाकला नव्हता.

"मी म्हनलो व्हतो," हनुमंत भेटेल त्याला सांगत होता. "हाराला जागा सोडा. तवा समदी माझ्यावर उखडली."

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर नूरमहंमद आणि मेहरुन फ्लेक्सखाली येऊन उभे राहिले. एवढ्या मोठ्या चेहऱ्यात आबांचे डोळे वाटीएवढे झाले होते, आणि त्यांतला उजेड हरभऱ्याएवढा. आता त्यामागची बाई चष्म्याशिवायही दिसत होती, ठाऊक असलेल्याला.

मेहरुनने मान वर करून पाहिलं.

"बघा," ती म्हणाली. "डोक्यावर पदर नाही माझ्या. सगळ्या गावासमोर."

"पदर उजेडावर होता," नूरमहंमद म्हणाला.

तिने डाव्या हाताने पदर डोक्यावर ओढून घेतला, नीट, कपाळापर्यंत. खाचरांकडून वारा आला, फ्लेक्स हलला, हारातल्या दोन पाकळ्या खाली पडल्या. वर आबांच्या दोन्ही डोळ्यांत ती तशीच बसून होती, उघड्या डोक्याने, हात जाईल तेवढा वर धरून.